सात नंबरची बाई

चांगुणा ओव्हाळ विद्यापीठात काय शिकते, हे कारळगावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. तिचा बाप लिंबाजी परंड्याच्या शाळेत शिपाई. त्याला कुणी विचारलं तर तो म्हणे, "एमए झाली. आता त्येच्या म्होरचं शिकती." म्होरचं म्हणजे काय, असं कुणी खोदून विचारलं की टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवी आणि म्हणे, "बायांचं शिकती." चावडीपुढं बसलेली माणसं हसत. "बायांचं शिकायला एवढ्या लांब कशाला जायाचं, लिंबाजी?" लिंबाजीही त्यांच्याबरोबर हसे. गावातली माणसं हसली की वस्तीतल्या माणसानंही हसायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

शहाऐंशी सालच्या जूनमध्ये विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची एक वर्षाची पदविका सुरू झाली. वर्गासाठी जी खोली मिळाली तिच्यात आधी भूगोलाचे जुने नकाशे ठेवलेले असत. सात मुली आणि शिकवायला हिरेमठ मॅडम. मॅडम उमरग्याकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं नाही. एकेकीला उभं करून विचारलं, "तुझी आई काय काम करते?"

पाचजणी म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." एकीची आई मास्तरीण होती. चांगुणाचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "खडी फोडते."

मॅडमनी चष्मा काढला. "बस," त्या म्हणाल्या. "तू बोललीस ते आपण वर्षभर शिकणार आहोत."

चांगुणाला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. आपल्याजवळ जे आहे ते या बाकीच्या सहाजणींजवळ नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. एरवी सगळं त्यांच्याजवळ असे आणि आपल्याजवळ काही नसे.

तिच्याजवळ होता तो बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. गावाच्या उत्तरेला पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि अवघं गाव त्या खड्ड्यात उतरलं होतं, गावातलेही आणि वस्तीतलेही. भूक लागल्यावर सगळ्यांचे हात सारखेच दिसत होते. फक्त पाण्याचे रांजण दोन होते. तिची आई पुतळाबाई सातव्या महिन्यापर्यंत घण मारत होती, मग पाट्या उचलायला लागली. एके दिवशी दुपारी तिला कळा सुटल्या. बायकांनी चार लुगडी धरून आडोसा केला, आणि त्याच वेळी पलीकडं सुरुंगाची शिट्टी वाजली. माणसं पळाली. आडोसा धरलेल्या बायका मात्र हलल्या नाहीत. मुलगी झाली. चौथ्या दिवशी पुतळाबाई परत कामावर, कारण मुकादमानं निरोप धाडला होता की उद्या आली नाही तर हजेरीवरचं नाव जाईल. आठव्या दिवशी पोर गेलं. त्याला नावही ठेवलेलं नव्हतं.

दुष्काळी कामांवरच्या बायकांच्या मुलाखती घेऊन लघुप्रबंध लिहायचा, असं तिनं ठरवलं तेव्हा मॅडमना तो विषय मनापासून पटला. त्या साली पाऊस पुन्हा रुसला होता. दिवाळीच्या आधीच परंडा तालुक्यात कामं निघाली. कारळगावच्या त्याच तलावाचा बांध उंच करायचा होता. चांगुणा नोव्हेंबरात वह्या घेऊन घरी आली आणि पहिली मुलाखत आईची घ्यायची म्हणून चुलीपुढं बसली.

"आये, बहात्तर सालचं सांग."

पुतळाबाई भाकरी थापत होती. "काय सांगू? दगूड फोडला, खाल्लं, जगलाव."

"तसं न्हाय. कामावर काय काय व्हायचं ते. पोर झालं तवाचं. मुकादम कसा हुता…"

पुतळाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "तुला म्या शिकाया धाडलं," ती म्हणाली, "ते हितलं सोडून दुसरं कायतरी शिकशील म्हून. आन् तू परत त्याच खड्ड्यात उतराया आलीस व्हय?"

त्यानंतर तिनं या विषयावर तोंड उघडलं नाही. चांगुणानं वहीत लिहिलं: क्रमांक एक, मुलाखत देण्यास नकार. असा नकारही अभ्यासात धरायचा असतो, असं मॅडमनी सांगितलेलं होतं.

कामावरच्या बायका मात्र बोलल्या. आधी लाजल्या, हसल्या, "आमचं काय लिवतीस गं?" म्हणाल्या. मग त्यांच्याच्यानं थांबवेना. जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली चांगुणा वही मांडीवर घेऊन बसे आणि त्या खात खात सांगत राहत. कुणाचं पोट पडलेलं, कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाच्या पायावरून टिकाव गेलेला. चांगुणा झरझर लिहून घेई. संध्याकाळी हात दुखे, तेव्हा तिला वाटे, आपलंही काम झालं.

जानेवारीत बानूबाई बोलली. ही गावातली बाई, बेचाळिशीची, विधवा. आबाराव नावाचा एकुलता मुलगा आणि सून. तिच्या डाव्या हाताला दोनच बोटं आणि अंगठा. मधली दोन बहात्तर साली न फुटलेल्या सुरुंगात गेलेली. त्या हातानंही ती पाटी उचलताना कुणाच्या मागं राहत नसे. वस्तीतल्या बायांच्या शेजारी बसून खाणारी गावातली ती एकटीच होती. पुतळाबाईचं बाळंतपण झालं तेव्हा आडोशाचं एक लुगडं तिनं धरलेलं होतं. चांगुणा तिला काकू म्हणायची.

त्या दिवशी बाकीच्या बायका पाण्याकडं गेल्या होत्या. बानूबाई बाभळीच्या बुंध्याला टेकून म्हणाली, "माजंबी लिव."

आणि तिनं सांगितलं. बोटं गेली तेव्हा दगड फोडणं संपलं. आबाराव पाच वर्षांचा. नवरा आदल्याच साली पटकीनं गेलेला. मुकादम तात्याराव, तिच्याच भावकीतला, चुलत दीर. तो म्हणाला, एका हाताच्या बाईला काय काम देऊ? मग म्हणाला, देतो. टिकाव-फावडी ठेवायची एक पत्र्याची खोली होती. तिथं दुपारी अवजारं मोजायला येत जा. ती गेली. पाऊस पडेपर्यंत जात राहिली.

"आन् म्या एकलीच न्हवते," बानूबाई म्हणाली. "लई बाया गेल्या. कोन बोलंना. सगळ्या एकमेकीकडं बघून न बघितल्यावानी करायच्या. त्या टायमाला रेशनची मिलो जवारी खाऊन लोकांची पोटं धरायची. माजं त्या खोलीतनं आलं की धरायचं."

ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "नाव लिवशील का?"

"न्हाय काकू. शपथ घेते. तुमचं नाव कुठंच येणार न्हाय."

"मग लिव," बानूबाई म्हणाली. "चौदा वर्सं पोटात ठिवलं. कुटंतरी ठिवावं वाटतंय खाली."

आता तात्याराव मुकादम नव्हता. दूध संस्था निघाली तेव्हा तो तिचा चेअरमन झाला. सोसायटीत, पाणीपुरवठ्याच्या कमिटीत, सगळीकडं त्याचा शब्द. गावातली निम्मी घरं सकाळ-संध्याकाळ त्याच्या संस्थेच्या दारात कॅन घेऊन उभी असत. आबाराव त्याच संस्थेत दूध मोजायला होता.

चांगुणा विद्यापीठात परतली आणि प्रकरण लिहायला बसली. तिनं बायकांना नंबर दिले होते. बानूबाई सात नंबरची. पहिल्या खेपेला तिनं लिहिलं: वय बेचाळीस, विधवा, ग्रामीण. मॅडमनी समासात तांबड्या शाईनं लिहिलं: 'ही बाई दिसत नाही. वाचणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे.' चांगुणानं विचार केला. बोटं गेली म्हणून तर सगळं घडलं. बोटांशिवाय ती गोष्टच उभी राहत नव्हती. तिनं बोटं घातली. सुरुंग घातला. गावाचं नाव घातलं नाही, 'परंडा तालुक्यातील एक पाझर तलाव' एवढंच लिहिलं. मॅडमनी दुसऱ्या खेपेला काहीच खुणा केल्या नाहीत. शेवटी फक्त लिहिलं, 'आता दिसते.'

मार्चमध्ये विद्यापीठात परिसंवाद झाला. बाहेरगावचे प्राध्यापक आले होते. चांगुणानं सात नंबरचं कथन वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज दोनदा फुटला. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत, लोक तसेच बसून राहिले, आणि ते टाळ्यांपेक्षा मोठं आहे हे तिला कळलं. चहाच्या वेळी एकानं वहीची पानं मागून घेतली. आपण एका साप्ताहिकात लिहितो असं तो म्हणाला. चांगुणानं मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "नाव नाहीये ना कुठं? मग हे लोकांपर्यंत जायला पाहिजे."

साप्ताहिकात ते पाऊण पान छापून आलं. ते उस्मानाबादला आलं, तिथून एसटीनं परंड्याला आलं, आणि परंड्याच्या बाजाराच्या दिवशी कुणीतरी त्यात बोंबील बांधून कारळगावला आणलं. आधी कुणी तरी बोंबलाचा कागद सरळ करून वाचला. मग चावडीपुढं मोठ्यानं वाचला गेला. एका हाताला दोन बोटं नसलेली विधवा त्या पंचक्रोशीत एकच होती.

लिंबाजीनं पोस्टकार्ड टाकलं: 'ताबडतोब निघून ये. आईची तब्येत बरी आहे.' चांगुणा कुर्डुवाडीहून परंड्याच्या गाडीत बसली तेव्हा आई बरी आहे असं का लिहिलं असेल, हाच विचार करत राहिली. लिंबाजी स्टँडवर उभा होता. त्यानं तिची पिशवी घेतली आणि किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीला नेऊन सगळं सांगितलं. दूध संस्थेनं बानूबाईच्या घरचं दूध घेणं बंद केलं. पाणी मिसळतात म्हणे. आबारावाला कामावरून काढलं नाही. तात्याराव त्याला म्हणाला, "तुझ्यावर माझा राग नाही, तू फक्त घर साफ ठेव." त्याच संध्याकाळी आबारावानं आईचं गाठोडं बाहेर टाकलं. ती दोन दिवस बहिणीकडं राहिली. बहिणीच्या घरच्यांनीही ठेवून घेतलं नाही. आता ती सोनारीला, भैरवनाथाच्या देवळाच्या ओवरीत असते.

"बा, म्या नाव लिवलं न्हवतं," चांगुणा म्हणाली.

लिंबाजीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्या वाचलं," तो म्हणाला. "शाळेत हेडमास्तरांनी वाचाया दिलं. लई चांगलं लिवलंस. म्हून तर."

ती तशीच सोनारीला गेली. चैत्राचं ऊन. देवळापुढं यात्रेकरूंची तुरळक गर्दी, वानरं नारळाच्या खापा ओढत फिरत होती. बानूबाई ओवरीच्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसली होती. पुढं पितळीत लोकांनी टाकलेला नैवेद्याचा भात. डावा हात तिनं पदराखाली झाकून घेतला होता. चांगुणानं तो हात असा झाकलेला कधी पाहिला नव्हता.

चांगुणा तिच्या पायाशी बसली. तिनं पाय धरले.

"सोड," बानूबाई म्हणाली. "देवळात लोकं बघत्यात."

"काकू, म्या शपथ मोडली न्हाय. नाव कुठंच…"

"न्हाय मोडलीस. खरंय." बानूबाईनं भातावरची माशी हाकलली. "पर मानसाला निस्तं नावच असतंय का गं, चांगुणे?"

"माज्यासंगट चला. शहरात खोली हाय माजी…"

"तुज्यासंगट येऊन काय करू? तुज्या मास्तरणीला दावशील, ही बगा सात लंबर." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच चांगुणाला सहन होईना. "आबाचं पोर हुनार हाय वैशाखात. म्या नसन. तेवडंच वाईट वाटतंय. जा तू आता."

चांगुणा परत आली ती एक निश्चय करून. दूध संस्थेनं सोमवारी सकाळी सभा बोलावली होती. संस्थेची आणि गावाची बदनामी, असा विषय. लिंबाजीला निरोप होता की मुलीला घेऊन यायचं. तिनं ठरवलं, उभं राहायचं आणि सांगायचं की हे सगळं आपण मनानं रचलं. बोटं, सुरुंग, खोली, सगळं खोटं. लघुप्रबंध गेला तर गेला. पदविका गेली तर गेली. बानूबाईला घर परत मिळालं पाहिजे. मॅडमना तिनं तसं पत्र लिहिलं आणि सभेला जाताना वाटेतल्या डब्यात टाकलं.

दूध संस्थेच्या आवारात सतरंज्या अंथरल्या होत्या. सत्तर-ऐंशी बाप्ये असतील. एकही बाई नव्हती. लिंबाजी दारापाशी उभा राहिला, चांगुणा त्याच्या शेजारी, आणि तिच्या मागं पुतळाबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी कामावर न जाता ती डोक्यावर पदर घेऊन नुसती मागं चालत आली होती.

आबाराव भिंतीशी मान खाली घालून बसला होता. तात्याराव खुर्चीवर. धोतर पांढरंशुभ्र, आवाज मऊ. त्यानं साप्ताहिकाचं पान उघडलं, घडी मोडली आणि म्हणाला, "आपल्या गावची लेक शिकली, आपल्याला आनंदच हाय. सरकारनं ह्यांच्यासाठी सगळं केलं, त्याचा आपल्याला हेवा न्हाय. पर पोरीनं आपल्या भावकीतल्या एका म्हाताऱ्या बाईला असं चव्हाट्यावर मांडावं? म्या कुणाचं नाव घेत न्हाय. तिनंच सांगावं. ही सात नंबरची बाई कोन? नाव सांगितलं तर आपुन त्या बाईलाच हितं बोलवू आन् इचारू. न्हाय सांगितलं तर खोटं हाय म्हून लिवून द्यावं."

चांगुणा पुढं झाली. खोटं आहे, एवढे दोन शब्द बोलायचे होते. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या मागून आवाज आला.

"खोटं न्हाय."

पुतळाबाई लेकीला बाजूला सारून पुढं आली. सतरंजीच्या कडेला थांबली, सतरंजीवर तिनं पाय दिला नाही. "खोटं न्हाय, पाटील. ती बाई म्या हाय. माजंच सांगितलं म्या पोरीला."

सभेत कुणी हललं नाही. तात्यारावाच्या हातातला कागद खाली आला. पुतळाबाई त्याच्याकडं बघत होती. तिनं उभ्या जन्मात त्या माणसाच्या तोंडाकडं असं पाहिलेलं चांगुणाला आठवत नव्हतं.

"पत्र्याच्या खोलीत म्या गेल्ते," ती म्हणाली. "तुमाला ठावं हाय."

आणि मग जे झालं ते चांगुणाला पुढं कधी कुणाला समजावून सांगता आलं नाही. सभा चिडली नाही. ती सैल झाली. मागच्या रांगेतून कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला. एकजण म्हणाला, "मग तसं म्हनायचं की आधीच!" दोघंतिघं हसले. बिडी पेटवल्याचा वास आला. आबारावानं मान वर केली आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा तो माणसांच्या तोंडाकडं बघू लागला. आपल्या घरची बाई नव्हती. वस्तीतली होती. वस्तीतल्या बाईचं काय, त्यात काय एवढं लिहायचं!

"आन् बोटं?" कुणीतरी विचारलं. "बोटं कशी काय?"

पुतळाबाईचे दोन्ही हात पदराबाहेर होते. दहाच्या दहा बोटं सगळ्यांना दिसत होती.

"लिवताना चुकलं आसंल पोरीचं," सभेतला एक म्हातारा म्हणाला. "छापणारे कायबी छापत्यात."

ते सगळ्यांना पटलं. तात्यारावानं कागदाची घडी घातली. "आसल्या बायांच्या बोलन्यावर काय सभा भरवायची," तो म्हणाला आणि हसला. चहा आला. दाराशी उभ्या असलेल्या तिघांना कुणी जा म्हणालं नाही, की थांबा म्हणालं नाही. लिंबाजीनं पायताण हातात घेतलं आणि तो चालू लागला.

तिघं घरी आले. लिंबाजी अंगणात पाण्याच्या घागरीपाशी बसला. बसूनच राहिला. दुपारी उठून त्यानं पिशवीत दोन सदरे आणि पांघरूण भरलं.

"माज्यावर राग हाय का?" पुतळाबाईनं विचारलं.

"तुज्यावर न्हाय," तो म्हणाला. "म्या त्याच खड्ड्यात हुतो. शंभर पावलांवर. दगूड फोडत." तो परंड्याला निघून गेला. शाळेच्या घंटेखालच्या खोलीत राहू लागला. रविवारी येई, सरपण फोडून देई, जेवे आणि जाई.

दुसऱ्या दिवशी चांगुणा आईबरोबर कामावर गेली, वही न घेता. पाट्या उचलल्या. दुपारी बांधाच्या पोटाला बसल्यावर तिनं विचारलं, "आये, तू काकूसाठी खोटं बोललीस ना?"

पुतळाबाई भाकरी तोडत होती. "दुपारच्याला तुला पाण्याला धाडायची म्या," ती म्हणाली. "पार वड्याच्या पल्याडच्या हिरीवर. तू म्हनायचीस, आये, हितं रांजनात पानी हाय की. आठवतंय?"

चांगुणाला आठवलं. डोक्यावर कळशी, पायाखाली तापलेली वाट, आणि आईचा राग आलेला. आपण चाळीस बायांना विचारत फिरलो आणि वहीत पहिल्या ओळीला 'मुलाखत देण्यास नकार' असं लिहिलं, हे तिच्या ध्यानात आलं.

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"तू लिवलं असतंस," पुतळाबाई म्हणाली.

बानूबाईला आबारावानं आठवड्याच्या आत घरी नेलं. दूध पुन्हा सुरू झालं. वैशाखात नात झाली. तात्याराव चेअरमन होताच, पुढच्या निवडणुकीतही झाला. वस्तीत मात्र वारं फिरलं. ज्या बायांनी बहात्तर साली लुगडी धरली होती त्या पुतळाबाईशी बोलत, पण त्यांच्या सुनांना पुतळाबाईच्या घरी पाठवत नसत. विहिरीवर कुणी काही म्हणत नसे. फक्त ती आली की बोलणं थांबे. कामावर नवा मुकादम होता, पोरसवदा, त्यानं एकदा हजेरी घेताना तिचं नाव पुकारून डोळा घातला. पुतळाबाईनं हातातला दगड खाली ठेवला, त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा उचलला.

हिरेमठ मॅडम स्वतः कारळगावला आल्या. पत्र मिळाल्यावर त्यांना राहवलं नव्हतं. एसटीतून उतरून अडीच मैल उन्हातून चालत आल्या. चांगुणानं त्यांना सभेचं सांगितलं. मॅडम ओट्यावर बसून ऐकत होत्या, हात मांडीवर घट्ट धरून. "समासात मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "बाई दिसत नाही म्हणून." थोड्या वेळानं त्या असंही म्हणाल्या, "चांगुणा, पण त्या सभेत जे झालं, ती माणसं हसली ते, ते कुठल्याच पुस्तकात नाही. ते लिहिलं नाहीस तर…"

चांगुणानं वळून घराच्या दाराकडं पाहिलं. आत पुतळाबाई पाहुणीसाठी चहा ठेवत होती. तिनं सगळं ऐकलं असणार. ती बाहेर आली, मॅडमपुढं कपबशी ठेवली आणि म्हणाली, "बाई, तुमी घ्या च्या. लांबनं आलाव." तेवढंच.

मॅडमनी चहा घेतला. पुन्हा तो विषय काढला नाही.

जूनमध्ये चांगुणानं लघुप्रबंध दिला. त्यात सहानंतर एकदम आठ नंबरची बाई होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, सात कुठं आहे? चांगुणा म्हणाली, "ती बोलायला तयार नव्हती." तिला दुसरा वर्ग मिळाला. पहिला वर्ग वर्गातल्या एका मुलीला मिळाला. तिची आई घरीच असे.

पुढं तालुक्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात चांगुणा समाजशास्त्र शिकवू लागली. पगार सुरू झाल्यावर तिनं आईला कामावर जाऊ नको म्हणून खूप सांगितलं. पुतळाबाई ऐकेना. घरात बसलं तर लोक म्हणतील, लाजून बसली. ती अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यापर्यंत पाट्या उचलत राहिली. मग छातीत पाणी झालं. बार्शीच्या दवाखान्यात एकवीस दिवस होती. शेवटच्या आठवड्यात लिंबाजी रजा टाकून तिथं व्हरांड्यात राहिला. तो तिच्याशी काय बोलला, बोलला का, हे चांगुणाला माहीत नाही. ती आत गेली की दोघंही गप्प असत. एकदा मात्र तिनं दारातून पाहिलं, बाप आईच्या हाताच्या बोटांची नखं काढत होता.

पुतळाबाईच्या मातीला गावातलं कुणी आलं नाही. बानूबाई आली. वस्तीच्या तोंडाशी लिंबाखाली उभी राहिली, नातीला कडेवर घेऊन. चांगुणा तिच्याकडं निघाली तेव्हा तिनं मान हलवली, येऊ नको म्हणून. तिरडी हलेपर्यंत ती तिथंच उभी होती. चांगुणाशी ती त्यानंतर कधी बोलली नाही, रस्त्यात समोर आली तरी. चांगुणानंही तिला कधी हाक मारली नाही.

लिंबाजी निवृत्त झाल्यावर कारळगावला परत राहायला आला. चावडीवरून जाताना तो थांबेनासा झाला. लोक अजून विचारायचे, "काय लिंबाजी, लेक काय शिकवती आता?" तो ऐकू न आल्यासारखं करून पुढं जाई.